तीन पाय, एक हँडल : फोटोकडून व्हिडिओकडे जाताना

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी भाषा वक्त्याचीच आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला निवडक भाग दिला आहे.)

मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, इथे दोन रांगा रिकाम्या आहेत.

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की हे व्याख्यान आहे की दुकानदाराची शिफारस. कुठला स्टँड घ्यावा, यावर कोणी तासभर बोलतं का? पण मला आज समीक्षाच करायची आहे. फक्त ती पडद्याच्या या बाजूने नाही, कॅमेऱ्याच्या खालून करायची आहे. कॅमेरा कशावर उभा होता, हे चित्रपटाच्या परीक्षणात क्वचितच येतं. आणि माझं म्हणणं असं, की तो कशावर उभा होता त्यावर त्या चित्रपटाची निम्मी नजर ठरते.

फोटोग्राफी करणारी मुलं व्हिडिओकडे वळतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, गिंबल कुठलं घेऊ?" घेऊ का, असा प्रश्न नसतोच. कुठलं, एवढंच. लग्नाचं काम करणारा, पक्ष्यांचे फोटो काढणारा, गावातल्या जत्रेवर माहितीपट करू पाहणारा, सगळ्यांचा प्रश्न एकच. तीन वेगळ्या कामांना एकच यंत्र कसं लागेल, हे कोणी विचारत नाही. आज त्या प्रश्नाच्या थोडं मागे जाऊ.

फोटोग्राफरला हात हलण्याची भीती असते. ती कुठून आली? फोटोत हात हलला की चित्र पुसट होतं. म्हणून आपण शटर वाढवतो. सेकंदाचा पाचशेवा भाग ठेवला की हात हलला काय, न हलला काय, फोटो लख्ख येतो. ही सवय घेऊन माणूस व्हिडिओत येतो आणि फसतो. कारण व्हिडिओत हाताची थरथर पुसटपणा म्हणून दिसत नाही, ती हालचाल म्हणून दिसते. सेकंदाला २५ चित्रं. प्रत्येक चित्र वेगळं पाहिलं तर स्वच्छ असेल, पण पहिल्यात खांब इथे, दुसऱ्यात केसभर तिथे, तिसऱ्यात परत इथे. शटर वाढवलंत तर उलट वाईट. प्रत्येक चित्र आणखी धारदार होतं आणि थरथर आणखी टोचते. म्हणून २५ चित्रांच्या वेगाला शटर पन्नासाव्या भागावर ठेवायचा रिवाज आहे. हालचालीत थोडा पुसटपणा मुद्दाम राहू देतात.

म्हणजे फोटोत आधार हवा तो कॅमेरा हलू नये म्हणून. व्हिडिओत आधार हवा तो कॅमेरा कसा हलेल हे आपल्या हातात राहावं म्हणून. फोटोचा स्टँड काम संपवून टाकतो : गोटी घट्ट केली, सुटलो. व्हिडिओचा स्टँड तिथून काम सुरू करतो.

हा प्रवास आपल्याकडे पहिल्यांदा कोणी केला, हे तुम्हाला माहीत आहे. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे येण्याआधी फोटोग्राफर होते. गोध्र्याला त्यांचा स्टुडिओ होता. १९१२ मध्ये ते लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी रोपाच्या वाढीची एक छोटी फिल्म केली, 'अंकुराची वाढ'. कुंडीसमोर कॅमेरा ठेवायचा आणि रोज थोडं थोडं चित्रण करायचं. मला या फिल्मबद्दल एक गोष्ट फार आवडते. ती फोटोग्राफरने केलेली फिल्म आहे, कारण तिच्यात हलतं फक्त रोप. तिथे फोटोचाच स्टँड चालतो. आजही टाइमलॅप्ससाठी तुमचा जुना ट्रायपॉड उत्तम आहे, नवा घेऊ नका.

पण १९१३ साली माणसं कॅमेऱ्यासमोर चालायला लागली आणि प्रश्न बदलला. तो कॅमेरा हाताने फिरवायचा होता. उजव्या हाताने एका लयीत मूठ फिरवत राहायचं. त्यात कॅमेरा वळवायचा असेल तर दुसऱ्या हाताने स्टँडच्या डोक्याची दुसरी मूठ फिरवायची, तीही वेगळ्या लयीत. पोटावर एका हाताने गोल आणि डोक्यावर दुसऱ्याने थापट्या मारून बघा, म्हणजे कळेल. मूकपटांच्या काळातला कॅमेरा बहुतांशी जागच्या जागी दिसतो, त्याला आपण नाटकाचा प्रभाव म्हणतो. तो होताच. पण त्यात त्या दोन मुठींचाही वाटा आहे.

आता यंत्राकडे वळू, कारण इथे खरी गफलत होते.

तुमच्याकडे बॉल हेड आहे. गोटी सैल केली की कॅमेरा सगळीकडे एकदम फिरतो. फोटोला हे वरदान. व्हिडिओत तेच संकट, कारण वळवायला गेलात की क्षितिजही कलतं. मग लोक पॅन हेड घेतात, हँडलवालं, स्वस्तातलं, आणि म्हणतात की झालं. नाही झालं. त्या हेडमध्ये धातूवर धातू किंवा प्लास्टिकवर प्लास्टिक घासतं. घरात शहाबादी फरशीवरून लोखंडी कपाट सरकवलंय कधी? आधी हलतच नाही. जोर लावा, लावा, आणि मग एकदम वीतभर पुढे जातं. थांबलेल्या वस्तूला सुरू करताना घर्षण जास्त असतं, सुटल्यावर कमी. स्वस्त हेडवरचा प्रत्येक पॅन असा कपाटासारखा सुरू होतो.

फ्लुइड हेडमध्ये दाट ग्रीससारखा पदार्थ असतो. काकवीत पळी फिरवून बघा. हळू फिरवली तर ती विरोध करतच नाही, जोरात फिरवाल तेवढी जड लागते. म्हणजे सुरुवात आपोआप अलगद होते आणि हाताचा हिसका काकवी गिळून टाकते. यालाच ड्रॅग म्हणतात. १९४० च्या दशकात ऑस्ट्रेलियात मिलर यांनी असं हेड बनवलं आणि बातम्या, खेळ, माहितीपट यांच्या कॅमेरामनचं काम बदलून गेलं. क्रिकेटच्या प्रक्षेपणात सीमारेषेकडे जाणारा चेंडू लांब लेन्सवर न धडपडता दिसतो ना, त्यात कॅमेरामनच्या कसबाइतकाच त्या काकवीचाही भाग आहे.

दुसरी गफलत वजनाची. फोटोग्राफर स्टँड घेताना विचारतो, "किती किलो पेलतो?" जास्त पेलला तर जास्त चांगला. व्हिडिओच्या हेडला हा हिशेब लागू नाही. त्यात एक स्प्रिंग असते, काउंटरबॅलन्सची. कॅमेरा पुढे झुकवला की तो स्वतःच्या वजनाने खाली जाऊ पाहतो, स्प्रिंग त्याला तेवढ्याच जोराने मागे ओढते, आणि हँडल सोडलं तरी कॅमेरा जिथल्या तिथे राहतो. आता समजा स्प्रिंग चार किलोची आहे आणि तुमचा मिररलेस लेन्ससकट दीड किलोचा. झुकवून सोडलात की तो ताडकन वर येणार. मोठं हेड घेतलं म्हणून चांगलं घेतलं असं होत नाही, ते तुमच्या कॅमेऱ्याच्या वजनाचं हवं. स्प्रिंग कमीजास्त करता येणारं असेल तर उत्तम. नसेल तर कॅमेऱ्याला केज, मॉनिटर, मोठी बॅटरी लावून वजन वाढवावं लागतं. हलका कॅमेरा घेण्यासाठी जास्त पैसे मोजायचे आणि मग त्याला जड करायला आणखी पैसे द्यायचे! असो.

तिसरी गोष्ट, पाय. डोंगर चढणाऱ्या फोटोग्राफरने हलके कार्बन फायबरचे पाय घेतलेले असतात, बोटाएवढ्या जाडीचे. फोटोला चालतात. पण पॅन करताना तुम्ही स्टँडला पीळ देत असता. पॅन थांबला की बारीक पाय तो पीळ परत सोडतात आणि चित्र शेवटी किंचित मागे येतं. म्हणून व्हिडिओच्या स्टँडला बऱ्याचदा प्रत्येक पायात जोड नळ्या असतात आणि तिन्ही पाय खाली किंवा मध्ये एका फाट्याने बांधलेले असतात. मधला दांडा वर काढून उंची वाढवायची सवय असेल तर ती आजच सोडा. मग ते तीन पायांवरचं चौथं डोलणारं काठीचं टोक होतं.

आणि वाटी. व्हिडिओच्या स्टँडला वर वाटी असते, लहान कॅमेऱ्याला ७५ मिलिमीटरची पुष्कळ. खालचा खुंटा सैल केला की हेड त्या वाटीत हवं तसं बसवून पातळीत आणता येतं. वाटी नसेल तर एकेक पाय लहानमोठा करत बसा. तेवढ्यात पालखी पुढे गेलेली असते. पातळीत न आणता पॅन केला तर डावीकडे सरळ असलेलं देऊळ उजवीकडे जाईपर्यंत कलंडतं.

एवढं तांत्रिक पुरे. आता हे सगळं पडद्यावर काय करतं ते पाहू.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. २०१४ चा चित्रपट, छायाचित्रण मृणाल देसाई यांचं. त्यातला कॅमेरा बराच काळ एका जागी, जरा लांब, स्टँडवर उभा आहे. न्यायालयात एका लोकशाहिरावर खटला चाललाय, पण फ्रेममध्ये तेवढंच नाही. पुढच्या खटल्याची वाट बघणारी माणसं आहेत, कारकून आहे, पंखा आहे. कॅमेरा कोणाकडे बघा असं सांगत नाही. हीच गोष्ट गिंबलवर चित्रित केली असती तर? वकील उठला की कॅमेरा त्याच्याभोवती अर्धवर्तुळ घेणार, न्यायाधीशाकडे तरंगत जाणार, आणि आपल्याला कळणार की इथे नाट्य आहे. पण त्या चित्रपटाचं म्हणणंच हे आहे की इथे नाट्य नाही, कामकाज आहे, आणि त्या कामकाजात एका माणसाचं आयुष्य जातंय. शेवटाकडे सुट्टी लागते, माणसं निघून जातात, दिवे बंद होतात, आणि कॅमेरा तिथेच उभा राहतो. अंधारात. तो स्टँडवर नसता तर मागे राहिला नसता. हातात धरलेला कॅमेरा माणसाबरोबर बाहेर जातो. स्टँड जागेचा असतो.

आता दुसरं टोक. गॅरेट ब्राउन या कॅमेरामनने स्टेडिकॅम बनवला आणि १९७६ च्या 'बाउंड फॉर ग्लोरी' आणि 'रॉकी' या चित्रपटांत तो दिसला. अंगात जाकीट, त्याला स्प्रिंगचा हात, त्या हातावर तोललेला कॅमेरा. माणूस धावला तरी चित्र वाहतं. १९८० मध्ये स्टॅन्ली कुब्रिकने 'द शायनिंग'मध्ये तो जमिनीलगत आणला. रिकाम्या हॉटेलच्या बोळांतून लहान मुलगा तीनचाकी सायकल चालवतोय आणि कॅमेरा त्याच्या मागोमाग, त्याच्याच उंचीवर. चाकं गालिच्यावर गेली की आवाज बंद, लाकडी फरशीवर आली की घरघर. कुब्रिक स्वतः आधी 'लुक' मासिकाचा फोटोग्राफर, बरं का. त्याने नेमकं ओळखलं होतं की इतकी गुळगुळीत चाल माणसाची नसते. आपण भीती अनुभवतो ती त्या प्रश्नाची : हे कोण चाललंय मागून? पाय तर वाजत नाहीत.

आता मला सांगा, तीच तरंगती, पाय नसलेली नजर नवरी मंडपाकडे येताना तिच्या मागे का लावायची? मी हे थट्टेने म्हणत नाही. लग्नाच्या कितीतरी फिल्ममध्ये भूत चालतंय! आजी अक्षता टाकतेय, भूत तिच्याभोवती फिरतं. मामा मुलीला घेऊन येतोय, भूत पुढे पुढे उलटं चालतं. सगळं सुंदर आणि सगळं सारखं. फिल्म संपल्यावर कुणाचा चेहरा आठवत नाही, वळसे आठवतात.

गिंबल वाईट यंत्र आहे असं मी म्हणत नाही. ते तीन दिशांचं कलणं-वळणं मोटरने सावरतं. जिन्यावरून उतरणाऱ्या माणसामागे जायचंय, गल्लीतून ढोलपथकाबरोबर सरकायचंय, तिथे त्याला तोड नाही. पण दोन गोष्टी दुकानात कोणी सांगत नाही. एक, पावलाचा खाली-वर धक्का ते काढत नाही, कारण ते कोन सावरतं, उंची नाही. स्टेडिकॅमचा स्प्रिंगचा हात ते करतो. म्हणून गिंबलवाले गुडघे वाकवून मांजरासारखे चालतात आणि तरी चित्र बोटीसारखं हलतं. दोन, ते तुमच्या मनगटाच्या मागून येतं. तुम्ही वळलात की ते थोडं थांबून, मग सगळीकडे एकाच गतीने वळतं. दचकून वळणं आणि मायेने वळणं यांतला फरक ते पुसून टाकतं. फ्लुइड हेडच्या हँडलवर तो फरक तुमच्या दोन बोटांत राहतो.

आणि इथे मला जे खरं म्हणायचंय ते येतं. मध्ये एक माहितीपट पाहिला, नाव घेत नाही, करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. एक म्हातारी बाई जात्यावर बसून ओव्या म्हणतेय. आता जात्यावर म्हणणाऱ्या बायका किती उरल्यात? जातं फिरतं, हात त्या लयीत फिरतो, श्वास तिथे मोडतो जिथे खुंटा अंगाजवळ येतो, आणि ओवीचा चरण त्या श्वासावर संपतो. ही पाहायची गोष्ट आहे. गाणं आणि कष्ट एकमेकांत कसे गुंतलेत ते तिथे दिसतं. आणि कॅमेरा काय करतोय? जात्याभोवती गोल फिरतोय. हात दिसतात तेव्हा तोंड दिसत नाही, तोंड दिसतं तेव्हा हात गेलेले. एकही ओवी सुरुवातीपासून शेवटपर्यंत अशी दिसत नाही की हात आणि गळा दोन्ही एका चौकटीत आहेत. एक स्टँड, जमिनीपासून दोन फुटांवर, थोडा बाजूने, आणि दहा मिनिटं गप्प. एवढंच हवं होतं. उद्या कुणाला त्या गाण्याचा अभ्यास करायचा झाला तर या चित्रणाचा उपयोग फक्त आवाजापुरता.

कीर्तनाचंही तेच. कीर्तनकार बोलतो, पण कीर्तन घडतं ते मागच्या टाळकऱ्यांच्या आणि समोरच्या माणसांच्या चेहऱ्यावर. त्यासाठी वाट पाहावी लागते. हात दुखत असताना माणूस वाट पाहत नाही. गिंबल धरलेला हात पाच मिनिटांत दुखतो. त्याला काहीतरी करावंसं वाटतं, म्हणून तो फिरतो.

हातात धरलेल्या कॅमेऱ्याबद्दल थोडं. तोही आधारच आहे, शरीराचा. दार्देन बंधूंचा 'रोझेटा' पाहा, १९९९ चा. कॅमेरा त्या मुलीच्या मानेमागे, तिच्या धापेबरोबर. तिला काम हवंय आणि तिच्याकडे थांबायला वेळ नाही, म्हणून कॅमेऱ्याकडेही नाही. तिथे थरथरीला अर्थ आहे. पण खांद्यावरचा जड कॅमेरा आणि तुमचा हलका मिररलेस यांची थरथर वेगळी. जड वस्तू सावकाश डोलते, हलकी वस्तू किटकिट करते. हलका कॅमेरा हात लांब करून, मागच्या पडद्याकडे बघत धरला तर ती किटकिट दुप्पट. व्ह्यूफाइंडरला डोळा लावा, म्हणजे कपाळ हा तिसरा आधार मिळतो. किंवा गळ्यातला पट्टा ताणून धरा. फुकट आहे.

बोलणं इथे थांबवतो, प्रश्न घेऊ.

प्रश्न : माझ्याकडे पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत. मुलाखती आणि गावातले सण, एवढंच करायचंय.

उत्तर : मग वाटीचा स्टँड आणि लहान फ्लुइड हेड. नवं परवडत नसेल तर वापरलेलं घ्या, हेड चांगलं असेल तर ते दोन-तीन कॅमेरे पुरवतं. दुकानात स्वतःचा कॅमेरा घेऊन जा. सगळ्यात लांब लेन्स लावा. हँडल दोन बोटांत धरून भिंतीच्या कडेवरून सावकाश पॅन करा आणि हात सोडा. चित्र मागे आलं तर ते हेड किंवा ते पाय नकोत. मग कॅमेरा झुकवून सोडा, जागेवर राहतो का बघा.

प्रश्न : जत्रेत तीन पाय उघडायला जागाच नसते.

उत्तर : खरं आहे. तिथे मोनोपॉड, खाली तीन छोटे पाय असलेला. त्याला सोडून जाऊ नका, तो पडतो. पण गर्दीत एका पावलाच्या जागेत उभा राहतो आणि तुम्हाला मान वळवायला मिळते.

प्रश्न : कॅमेऱ्यातच स्टॅबिलायझेशन आहे. स्टँडवर ते चालू ठेवायचं का?

उत्तर : हातात असताना ठेवा. स्टँडवर पॅन करताना शक्यतो बंद. तुम्ही वळवता, त्याला वाटतं हात हलला, म्हणून ते चित्र धरून ठेवतं आणि मग एकदम सोडतं. पुन्हा कपाटच.

प्रश्न : पॅन किती हळू करायचा?

उत्तर : जुना ठोकताळा असा, की २४ चित्रांच्या वेगाला एका कडेची वस्तू दुसऱ्या कडेला पोचायला साधारण ७ सेकंद लागावेत. त्याहून भरभर केलं तर उभ्या रेषा तुटक दिसतात. चालणाऱ्या माणसाबरोबर पॅन करत असाल तर हे विसरा, माणसाचा वेग तो तुमचा. आणि पॅन सुरू करायच्या आधी शेवटची चौकट एकदा लावून बघा, दोन्ही पाय त्या शेवटाकडे वळवून ठेवा, मग कंबर मागे फिरवून सुरुवात धरा. म्हणजे थांबताना तुम्ही सरळ उभे असता, पिळलेले नसता.